मोटरबोटीचं इंजिन चालतं, पण ताकद देत नाही: कार्ब उघडण्याआधी काय काय बघायचं

"भाऊ, इंजिन तर एका झटक्यात चालू होऊन राहिलं, पण बोट उचलूनच नाही राहिली." पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की नागपूरकडच्या तलावांवरून, म्हणजे खिंडसीकडून, अंभोऱ्याकडून, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमधून ही तक्रार सुरू होते आणि उन्हाळाभर चालते. वाक्य दर वेळी जवळपास हेच असतं, कारण मात्र वेगळं निघतं. आणि बहुतेकदा मी पोहोचेपर्यंत कोणीतरी कार्ब (कार्बुरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून त्याचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) कागदावर मांडून ठेवलेले असतात.

ताकद गेली म्हणजे इंजिन बिघडलं असं नसतं. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि गार करायला पाणी नीट मिळतंय का, आणि त्याला ओढावं लागणारं ओझं वाढलंय का, हे आधी बघावं लागतं. यातल्या बऱ्याच गोष्टी पाना हातात न घेता तपासता येतात. म्हणून खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि खर्चाच्या, कटकटीच्या तपासण्या शेवटी येतात. हे सगळं बोटीच्या मागच्या फळीला लावलेल्या पेट्रोल आउटबोर्ड इंजिनांबद्दल आहे, कारण आपल्या तलावांवर तीच जास्त दिसतात.

आधी लक्षण नीट ओळखा

"पिकअप नाही" या दोन शब्दांत निदान होत नाही. नेमकं काय होतंय ते सांगा:

- इंजिनाचा आवाज चढतो, पण बोट त्या मानाने पुढे जात नाही. म्हणजे इंजिन ताकद देतंय आणि ती पाण्यापर्यंत पोहोचत नाहीये. पंख्याकडे (प्रोपेलरकडे) बघा.
- न्यूट्रलला छान फिरतं, गिअर टाकून रेस दिली की गुदमरतं. पेट्रोल कमी पडतंय किंवा एक सिलिंडर काम करत नाहीये.
- थोडा वेळ झकास पळतं, मग हळूहळू मरतं. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा पळतं. टाकीचा व्हेंट (झाकणावरचं हवेचं भोक), पेट्रोलमधलं पाणी किंवा उन्हाने तापलेलं पेट्रोल.
- बझर वाजतो आणि रेस कितीही दिली तरी आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) एका मर्यादेवर अडकतात. इंजिन तापलंय किंवा ऑइलची अडचण आहे, आणि ते स्वतःला वाचवतंय.
- महिना-दोन महिन्यांत टॉप स्पीड हळूहळू कमी झाला. तळ, वजन, केबल, आणि यातलं काहीच नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).
- ताकद गेली आणि सोबत इंजिन थरथरायलाही लागलं. एक सिलिंडर बंद आहे किंवा पंख्याची पात वाकली आहे.

पहिलं लक्षण आणि बाकीची लक्षणं यांत फरक करायला आरपीएम मीटर लागतो. बोटीत नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरला वेटोळं घालून चालणारा छोटा मीटर मिळतो, तो घेऊन ठेवा. पूर्ण रेसला तुमच्या इंजिनाने किती आरपीएम घ्यायला हवेत ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना ही मर्यादा ५००० ते ६००० च्या आसपास असते. नेहमीची माणसं बसवून पूर्ण रेसला आरपीएम त्या मर्यादेत येत असतील आणि बोट तरी सुस्त असेल, तर इंजिन उघडण्यात अर्थ नाही, वजन, तळ आणि पंखा बघा. आरपीएमच चढत नसतील तर पुढचा सगळा क्रम लागेल.

नागपूरच्या उन्हाचा हिशेब

बोट डिसेंबरात पळायची तशी मे महिन्यात पळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यात बिघाड नाही. हवा तापली की विरळ होते. १२ अंशांच्या सकाळपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी कमी असते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद कमी. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, त्याचे आणखी तीनेक टक्के जातात. मुंबईत किंवा कोकणात पंखा जुळवलेली बोट इकडे आणली की ती थोडी जड वाटते ती यामुळेच. त्यात खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात बोट किंचित खोल बसते.

म्हणून तुलना करायची तर सकाळी सातला, नेहमीच्या वजनावर करा. सकाळीही ताकद नसेल तर मग बिघाड शोधा.

हात लावण्याआधी

बोट किनाऱ्याला बांधा. पंख्याजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून खिशात आणि प्लगच्या कॅप काढलेल्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. आजूबाजूला कोणाच्या हातात विडी नको. पाण्यात चालवून बघायचं तर दोघं जण आणि दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट. एक सुकाणूवर, एक तपासणीला. एकट्याने मागे वाकून इंजिन चाळताना माणूस पाण्यात जातो आणि बोट चालू राहते. या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

१. वजन आणि तळ

फळ्या उचलून खाली पाणी साचलंय का बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, दीड माणूस फुकट फिरवणं झालं. आणि हे पाणी रेस दिली की मागे धावतं, त्यामुळे बोटीचं नाक आणखी वर जातं आणि ती पाण्यावर चढतच नाही. जुन्या फायबर बोटींत तळाच्या पोकळीतला फोमच पाणी पितो. पंप मारून तळ कोरडा केला तरी बोट पहिल्यापेक्षा खोल बसत असेल तर हा संशय धरा.

मग बाही वर करून पाण्याखाली तळावरून तळवा फिरवा. महिनोन्‌महिने पाण्यात उभ्या बोटीला शेवाळाचा बुळबुळीत थर येतो. बोटांनी खरवडला की नखात हिरवा गाळ येतो आणि खाली फायबर गुळगुळीत लागतं. दिसायला तो थर काहीच नसतो, पण वेगात पाण्याला धरून ठेवतो. बोट वर ओढून ब्रशने घासा. तलावाच्या पाण्यात साबण-केमिकल नको, नुसता ब्रश पुरतो.

२. पंखा

इंजिन वर उचला आणि पंखा नीट बघा. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला जलपर्णी भरपूर. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत जातं, त्यावर ती पोसते. तिच्या लांब काळ्या मुळ्या पंख्याच्या दांड्याला अशा आवळून बसतात की वरून नुसता काळा गोळा दिसतो. थोडा वेळ रिव्हर्स दिल्यावर बरंच सुटतं, उरलेलं सुरीने कापून काढा.

मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा हा जास्त वाईट. तो पंख्यामागे सरकतो, गरम होतो आणि गिअरकेसचं (पंख्यापुढच्या गिअरच्या पेटीचं) सील कापतो. मग आत पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं होतं. धागा सापडला तर पंखा काढून मागचं सगळं साफ करा आणि गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंब बघा. आधी पाणी आलं किंवा ऑइल पांढुरकं दिसलं, तर सील बदलेपर्यंत ते इंजिन चालवू नका.

पात वाकली असेल तर थरथर येते. पातीची कड चावल्यासारखी झाली असेल, बुडालेल्या खुंटांवर आपटून होते तशी, तरी बोट सुस्तावते.

आता डोळ्यांना न दिसणारा दोष. मध्यम आणि मोठ्या पंख्यांच्या मधल्या भागात रबराचा हब असतो. दगडाला धडकल्यावर गिअर वाचावा म्हणून तो सरकतो. एकदा सरकलेलं रबर पुढे जोर दिला की घसरतच राहतं: कमी रेसला बोट चालते, रेस वाढवली की आवाज चढतो आणि बोट तिथेच. तपासायची युक्ती सोपी आहे. मधल्या हबवरून बाहेरच्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, एक फेरी मारून या. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर हब गेला. याच दोषासाठी लोक कार्ब साफ करून, प्लग बदलून, नवं पेट्रोल भरून दमलेले मी पाहिले आहेत. रंगाच्या एका रेघेत उत्तर मिळतं.

लहान इंजिनांत हबऐवजी आडवी पिन असते. ती तुटली की इंजिन फिरतं आणि पंखा फिरतच नाही. जादाच्या दोन पिना आणि पक्कड बोटीत हवीच. पिनेच्या जागी खिळा ठोकू नका. पुढच्या खुंटाला खिळा तुटणार नाही, गिअर तुटेल.

पंखा कोणी बदलला असेल तर त्यावरचा आकडा बघा. पिच (एका फेरीत पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंचाने वाढली की पूर्ण रेसचे आरपीएम साधारण १५० ते २०० ने उतरतात. "मोठा पंखा म्हणजे जास्त स्पीड" या समजुतीने जड पंखा बसवलेल्या बोटी कायम गुदमरत चालतात.

आणि इंजिन किती उंच बसलंय तेही बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जराशी वर हवी. फार वर असली तर पंखा हवा ओढतो. आवाज एकदम चढतो आणि वळणावर तर हमखास.

३. रेसची केबल

फुकटची तपासणी, आणि बहुतेक लोक ती विसरतात. इंजिन बंद ठेवून वरचं कव्हर काढा. एकाला लिव्हर पूर्ण पुढे लोटायला सांगा आणि कार्बवरचा थ्रॉटल शेवटपर्यंत उघडतोय का ते बघा. लिव्हर न हलवता बोटाने तो आणखी थोडा उघडत असेल, तर केबल ताणली गेली आहे किंवा गंजून अडकते आहे. चालकाला वाटतं फुल रेस आहे, इंजिनाला मिळते त्यापेक्षा कमी. सेटिंगच्या नटाने जुळवता येते.

४. टाकीपासून इंजिनापर्यंतचं पेट्रोल

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा याचा, म्हणून इथे घाई करू नका.

पहिलं, टाकीच्या झाकणावरचा व्हेंट. चालवताना तो उघडा हवा. बंद असला की पेट्रोल ओढलं जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि काही वेळाने इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं. थांबलं की हवा हळूहळू आत शिरते, इंजिन पुन्हा चालतं, आणि लोक म्हणतात "गरम झालं की बंद पडतं". संशय आला की झाकण सैल करा. सूं करून हवा आत गेली तर कारण सापडलं. उलट, बोट उन्हात उभी असताना व्हेंट बंद आणि होज (पेट्रोलची नळी) इंजिनावरून काढलेला हवा, नाहीतर तापलेल्या टाकीचा दाब पेट्रोल इंजिनात ढकलतो आणि सुरू करताना फ्लड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन इंजिन पेटत नाही.

दुसरं, होजवरचा रबरी बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबून कडक करा. कडक होतच नसेल तर कुठेतरी हवा ओढली जाते: होजला चीर, सैल क्लॅम्प, कनेक्टरचं झिजलेलं रबर. आता पाण्यात, ताकद गेलेली असताना जोडीदाराला बल्ब दाबत राहायला सांगा.

- दाबल्यावर इंजिन उचललं: पेट्रोल कमी पडत होतं. हवा शिरतेय किंवा इंजिनावरचा फ्युएल पंप कमजोर आहे.
- बल्ब चपटा होऊन आत ओढला गेलाय: अडथळा बल्बच्या मागे, टाकीकडे आहे. व्हेंट, टाकीतली जाळी किंवा आतून सुटलेला होज.
- बल्ब कडक आहे आणि तरी ताकद नाही: अडथळा बल्बच्या पुढे आहे, फिल्टर किंवा कार्ब. नाहीतर दोष पेट्रोलचा नाहीच.

तिसरं, दुसऱ्या टाकीची चाचणी. पाच-दहा लिटरची स्वच्छ टाकी, तिचा स्वतःचा होज आणि बल्ब, आणि आज पंपावरून आणलेलं पेट्रोल. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल मिसळून. प्रमाण मॅन्युअलचं, ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिली. ही टाकी जोडून बोट पळाली तर इंजिनाला हात लावू नका, दोष तुमच्या टाकीत, होजमध्ये किंवा पेट्रोलमध्ये आहे. पळाली नाही तर तो सगळा भाग एका झटक्यात संशयातून मोकळा. अर्धं निदान या एका चाचणीत होतं.

५. पेट्रोल स्वतः

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली आहे. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल काढून वाचा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, आणि जुन्या कार्बच्या इंजिनात त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणजे ताकद थोडी कमी आणि उष्णता जास्त. जुने होज आणि रबरी पडदे त्याने मऊ पडतात, आतून सालं निघतात आणि ती सालं फिल्टरला जाऊन बसतात.

पण बोटीसाठी खरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळाभर अर्धी भरलेली टाकी शेडमध्ये पडून राहिली की आतलं पाणी वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणून जूनचं पेट्रोल ऑक्टोबरला वापरू नका.

तपासणी: टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला, बाटली तिरपी केल्यावर तो थर पाऱ्यासारखा सरकला, तर सगळी टाकी रिकामी करायची. वरचं "चांगलं" पेट्रोल वाचवायचा मोह नको, त्यातलं इथेनॉल खाली गेलंय, ते आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. आणि हे तलावात ओतायचं नाही. त्याच पाण्यावर कोणाची तरी मासेमारी चालते.

सोबत इंजिनावरचा छोटा फिल्टर बघा. गाळ किंवा पाणी दिसलं तर बदला, स्वस्त वस्तू आहे. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बसवून घ्या.

उन्हाळ्यात आणखी एक: लोखंडी किंवा लाल प्लास्टिकची टाकी उन्हात ठेवली की पेट्रोलची होजमध्येच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढतो. टाकी सावलीत ठेवा, वर ओलं पोतं टाका, फक्त व्हेंटमध्ये पाणी जाऊ देऊ नका.

६. गार करणारं पाणी

इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. बझर वाजून आरपीएम अडकले असतील तर सगळं सोडून आधी ही धार बघा. नसेल तर लगेच इंजिन बंद करा. "किनाऱ्यापर्यंत नेतो" म्हणून चालवलेलं इंजिन पुढे हेड गॅस्केट आणि पिस्टन मागतं.

सोपं कारण आधी. खाली पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी, निर्माल्य, जलपर्णी चिकटली आहे का? मग धार पडायचं भोक. शेडमध्ये उभ्या इंजिनात कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. बाहेरून फिकट मातीची टिकली दिसते आणि आत बोटाच्या पेराएवढी माती घट्ट भरलेली असते. जाड नायलॉन धागा किंवा बोथट तार अलगद फिरवली की ती भुगा होऊन पडते. पंप ठणठणीत असून केवळ यामुळे धार बंद झालेली असते.

भोक मोकळं असूनही धार बारीक असेल, तर इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातला रबरी पंखा. तो गिअरकेस उतरवून बदलावा लागतो. आधी हे केलेलं असेल तरच स्वतः करा. पाण्याबाहेर, कोरडं इंजिन "फक्त दोन सेकंद ऐकून बघू" म्हणून सुरू केलं की हाच इंपेलर जळतो. नागपुरात हा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो, म्हणून सीझनच्या आधी एक जादा आणून ठेवा.

किनारपट्टीवरून आलेलं जुनं इंजिन असेल तर आतल्या वाटांमध्ये मिठाचे पापुद्रे असतात. ते सुटून थर्मोस्टॅटमध्ये (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेत) अडकतात. नवा इंपेलर टाकूनही इंजिन तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून बघायला सांगा.

७. प्लग

प्लग काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. टोक फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळं आणि ओलं म्हणजे स्पार्क नाही किंवा पेट्रोल जास्त. पांढरं म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन तापतंय. बाकीच्यांपेक्षा एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, आणि तिथे घरचं काम संपतं.

दोन सिलिंडरच्या इंजिनात एक बंद पडला की ते सुरू होतं, हळू चालतं, आणि बोट उचलत नाही. प्लगची अदलाबदल करून बघा. दोष प्लगसोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्लग खराब, त्याच सिलिंडरला राहिला तर वायर, कॉइल किंवा पुढचं. स्पार्क बघायला टेस्टर वापरा. वायर हातात धरून, बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत सोडा. झटका जबर बसतो, तुमच्या पायाखाली पाणी आहे आणि बाजूला पेट्रोल.

८. आता कार्ब

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. खात्रीसाठी एक फुकटची चाचणी: इंजिन गुदमरत असताना क्षणभर थोडा चोक द्या. त्याने उचललं तर पेट्रोल कमी मिळतंय, मेन जेटमध्ये कचरा किंवा डिंकासारखा थर असणार. आणखी मरगळलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे. कार्बच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून आतलं पेट्रोल बाटलीत घ्या. कधीकधी पाण्याचा थेंब आणि गाळ तिथेच निघतो आणि काम होतं.

उघडावाच लागला तर जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवा, एवढंच. दोन-तीन कार्ब असतील तर त्यांचं एकमेकांशी सेटिंग जुळवणं अनुभवी माणसाचं काम आहे.

९. कॉम्प्रेशन

गेज असेल तर सगळे प्लग काढून, किलची दोरी काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडर मोजा. आकडा मॅन्युअलशी जुळवाच, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. निदान तुमचं, दुरुस्ती मिस्त्रीची.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

- धातूवर धातू आपटल्याचा ठक ठक आवाज. पुन्हा सुरू करूनही बघू नका.
- इंजिन ऑइल दुधाळ झालंय किंवा पातळी आपोआप वाढली आहे. आत पाणी किंवा पेट्रोल जातंय.
- धार चांगली असूनही बझर वाजतोच आहे.
- गिअर ऑइलमध्ये पाणी, गिअर सुटतोय किंवा करकरतोय.
- कॉम्प्रेशन कमी आलंय.
- कार्बऐवजी फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आहे आणि साधं पेट्रोल, फिल्टर, प्लग बघून झालं. पुढे दाबाखालची पेट्रोल लाइन आणि संगणकाचे कोड असतात, अंदाजाने सेन्सर बदलत बसणं महागात पडतं.
- बोटीत पेट्रोलचा वास येतोय आणि गळती सापडत नाही. हे ताकदीपेक्षा मोठं प्रकरण आहे, सगळ्यांना आधी खाली उतरवा.
- पर्यटकांची बोट असेल आणि इंजिन एकदाही मधेच मेलं असेल, तर कारण सापडेपर्यंत तिच्यात प्रवासी बसवू नका. रविवारची गर्दी असली तरी.

आउटबोर्ड जाणणारी माणसं इकडे कमी आहेत. मोटरसायकलचा हुशार मिस्त्री प्लग आणि कार्बपर्यंत नीट मदत करतो, पण इंपेलर, गिअरकेस आणि पंखा त्याच्या रोजच्या कामातले नसतात. बाहेरून माणूस बोलवायचा तर त्याला फोनवर एवढं सांगा: इंजिनाचं मॉडेल आणि सिरियल नंबर, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, पूर्ण रेसला किती आरपीएम, किती माणसं बसवून, धार कशी आहे, बल्ब दाबल्यावर काय झालं, दुसऱ्या टाकीवर काय झालं, प्रत्येक प्लगचा फोटो. एवढं कळलं की तो इंपेलर आणायचा की कॉइल हे निघण्याआधीच ठरवतो आणि सोबत योग्य सामान घेऊन येतो.